डबल स्टँडवर सायत्राचा पाय

आमगावच्या बाजारातून आलो, अंगणात गाडी थांबवली आणि दोघांनी मिळून ती डबल स्टँडवर चढवली. सायत्रासोबत मी केलेलं शेवटचं काम ते. त्यात विशेष काही नव्हतं. ती मागून उतरली, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली, पदर कमरेला खोचला. मी गाडीच्या उजव्या अंगाला जाऊन दोन्ही हातांनी हँडल सरळ धरलं. ती डाव्या अंगाला उभी राहिली, एक हात सीटखालच्या दांड्याला लावला, उजव्या पायानं स्टँडची पट्टी खाली दाबली, स्टँडचे दोन्ही पाय भुईला टेकले का ते वाकून पाहिलं आणि पट्टीवर उभी राहिली. नुसती उभी राहिली. गाडी मागं सरकली आणि वर बसली. मग ती हात झटकून म्हणाली, "सांबार घ्याचा रायला ना जी." सांबार म्हणजे कोथिंबीर. मी म्हटलं, उद्या आणतो. ती म्हणाली, "उद्या कायले? परसात हाये थोडा." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी सडा टाकता टाकता ती अंगणात खाली बसली, छातीवर हात ठेवला, आणि शेजारच्याची जीप आमगावच्या दवाखान्यापर्यंत पोचायच्या आत गेली.

लोक आपलं लहानपण लिहितात. माझ्या लहानपणात लिहिण्याजोगं काही नाही. चौथीतून शाळा सुटली, बैलांच्या मागं लागलो, लग्न लावून दिलं ते केलं, बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान रोवत राहिलो. बाप लवकर गेला. मोठा भाऊ घरचा कर्ता झाला आणि तो म्हणेल ती पूर्व दिशा. वाटणी झाली, मधे भिंत आली, तरी बैल कोणता घ्यायचा, लग्नाला कोणाकडं जायचं, कोणाशी बोलायचं, हे भिंतीपलीकडून ठरायचं. पन्नाशी होईपर्यंत मी कोणाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. माझं वाढणं सुरू झालं ते गाडी आली तेव्हापासून. म्हणून ही माझ्या जवानीची गोष्ट आहे असंच समजा. केस पांढरे होते, पण जवानी तीच. आणि हे मी रागात लिहून राहिलो. राग निघून गेला असता तर लिहायला बसलो नसतो.

आम्हाला लेकरू नव्हतं. गावात त्याला बाईचंच नाव लागतं. बारशाला सायत्राला बोलावत, पण पाळण्याजवळ येऊ देत नसत. ती जायची, अक्षता टाकून मागच्या मागं यायची, घरी येऊन तांदळाच्या भाकरी थापायची. भाकरी थापताना तिचा हात इतक्या जोरात पडायचा की मला ओसरीत कळायचं, आज कोणीतरी काहीतरी बोललं. ती स्वतः सांगायची नाही. ती उंचीनं माझ्या खांद्याच्या खालीच यायची, अंगानं काडी. पण कामाला उभी राहिली की माणूस मोठा दिसतो तशी दिसायची.

गाडी फौजेतून रिटायर झालेल्या एका साहेबाची. आमगावला राहायचा. लांबच्या प्रवासाची जड गाडी, दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या, समोर काच, पेट्रोलची टाकी एवढी मोठी की तिच्यावर पोर झोपावं. साहेबानं त्या गाडीवर अर्धा देश पाहिला होता. डोळे अधू झाले तेव्हा त्यानं ती विकायला काढली आणि मी घेतली. काऊन घेतली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी भावाला विचारलं नव्हतं, एवढं मात्र खरं. साहेबानं मला अंगणात उभं केलं आणि म्हणाला, "चलाना तो सब सीख लेते हैं. पहले खड़ी करना सीखो." मी दोन्ही हातांनी मागून उचलायला गेलो, धानाचं पोतं उचलतो तसा. गाडी हलली नाही, माझ्या कमरेत मात्र कळ आली. साहेब हसला. "ताकत नहीं लगती भाई, वजन लगता है. हाथ से मत खींचो, पैर पर खड़े हो जाओ."

घरी आणली तेव्हा मी पुन्हा तेच केलं. ओढायचो, घाम काढायचो, शिव्या द्यायचो. सायत्रा सुपात तांदूळ पाखडत बसली होती. दोन-चार वेळा पाहिलं आणि सूप खाली ठेवून म्हणाली, "साहेबानं काय सांगतलं तुमाले?" मी म्हटलं, पायावर उभं राहायला सांगतलं. "मंग तुमी वढून काऊन रायले?" मी चिडून म्हटलं, मंग तूच कर. मला वाटलं, हसेल आणि सूप उचलेल. तिनं येऊन पाय ठेवला, मला म्हणाली हँडल धरा, सरळ धरा, आणि चढली. गाडी टपकन वर. मी तिच्या तोंडाकडं पाहत राहिलो. ती म्हणाली, "ढेकीवानीच तं हाये." ढेकी म्हणजे धान कांडायचं लाकडी यंत्र, आमच्या आधीच्या बायांचा जन्म त्याच्या टोकावर पाय देण्यात गेला. पायात वजन घालायचं कसं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. मला होती. पुढं मी एकट्यानं चढवायला शिकलो, पण तिच्याकडून शिकलो.

तिच्या नावानं हाक मारायलाही मी त्या गाडीवर शिकलो. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही, 'अवं' म्हणतो. मागं बसलेल्या बाईला वाऱ्यात 'अवं' ऐकू येत नाही. देवरीच्या घाटात पुढून ट्रक येत होता, मी तीनदा 'अवं, धरून बस' म्हटलं, तिनं ऐकलं नाही, तेव्हा जोरात 'सायत्रा' म्हणून ओरडलो. ती दचकली. घाट उतरल्यावर म्हणाली, "आता कोणाले हाक मारली जी तुमी?" मी म्हटलं, मागं कोण बसलं हाये? ती गावापर्यंत हसत आली.

नवेगाव बांधला तर आम्ही केव्हाही जायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा तळ्याच्या काठी ओल्या मातीत स्टँड टेकवला, आम्ही भाकर सोडून बसलो आणि पाहता पाहता स्टँडचा एक पाय रुतला. गाडी धाडकन आडवी. काच फुटली, पेटीतली झिंग्याची चटणी सगळीकडं. मासे धरणारे दोघं धावत आले आणि चौघांनी मिळून उभी केली. तेव्हापासून सायत्रा आधी उतरून जमीन पाहायची. टाच मारून पाहायची, जसं बी टाकायच्या आधी बांधी पाहतात. तिनं मान हलवली की मगच मी इंजिन बंद करायचो. अमरकंटकला गेलो. माळव्यात गेलो, कारण आम्ही पोवार तिकडून आलो असं म्हातारे सांगायचे आणि सायत्राला पाहायचं होतं की आपण सोडून काय आलो. एका चहाच्या टपरीवर म्हाताऱ्यानं विचारलं, कहाँ के हो. मी म्हटलं, इधर के ही हैं, बाप-दादा उधर चले गए थे. तो म्हणाला, तो इतने दिन आए क्यों नहीं? सायत्रा बशीतला चहा फुंकत म्हणाली, "धान कापना था, अब छुट्टी मिली." टपरीवरची सगळी माणसं हसली. त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत.

गाडी डबल स्टँडवर असली की मागचं चाक अधांतरी राहतं. रविवारी सकाळी मी चेनला तेल घालायचो आणि ती पाटावर बसून हातानं चाक फिरवायची. चेनची खरखर हळूहळू मऊ व्हायची, मग आवाज बंद. आवाज बंद झाला की ती म्हणायची, झालं. माझे कान तेव्हाही मंद होते, त्यामुळे झालं की नाही ते तीच ठरवायची. पावसाळ्यात कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांचे बडे करायची. बेसन लावून गुंडाळलेली पानं वाफेवर ठेवलेली, इकडं हाताला चेनचं काळं. मी म्हणायचो, हात धू. ती म्हणायची, "धुतले. मांजरासारखे किती घडी धुऊ?" आज माझ्याकडं गॅस आहे, कुकर आहे, पुतण्याच्या सुनेनं शिकवलेली खिचडी आहे. बडे नाहीत. कोणी आणून दिले तरी मी खात नाही. त्यांच्यात तेल जास्त असतं.

आता भावाचं सांगतो. गाडी आली तेव्हापासून त्याच्या पोटात दुखत होतं, पण तो सरळ बोलणारा माणूस नव्हे. दसऱ्याला तो स्वतःच आमच्या अंगणात आला, गाडीला हार घातला, नारळ फोडला, हँडलला हळदी-कुंकू लावलं आणि म्हणाला, "आता हे लक्ष्मी झाली. बाईचा पाय नोको लागाले." सायत्रा आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिनं ऐकून घेतलं. संध्याकाळी आम्ही गावाबाहेर जाऊन आलो आणि नेहमीसारखा पाय ठेवून तिनं गाडी चढवली. भिंतीवरून भाऊ पाहत होता. त्या वर्षी आमच्या एका बांधीत करपा पडला, तो पायामुळं. माझी गाय आटली, तीही पायामुळं. गावातली टवाळ पोरं म्हणायची, काकाची गाडी काकीच्या लाथेनं चढते. मला राग यायचा. सायत्रा म्हणायची, "म्हनू द्या. लाथेनं नाही, पायानं चढते, येवढंच सांगजा त्याह्यले."

भिंतीपलीकडची वयनी, म्हणजे भावाची बायको, तिचं मात्र येणं-जाणं होतं. भाऊ राइस मिलवर गेला की ती मागच्या दारानं यायची. एक दिवस सायत्रा तिला म्हणाली, ठेवून तं पाहा बाई पाय. वयनी म्हणाली, "नोको माय, थ्यायनं पायलं तं?" मी हँडल धरून मुकाट उभा. वयनीनं इकडं-तिकडं पाहिलं, पदराचं टोक दातात धरलं, पाय ठेवला आणि चढली. गाडी वर बसली तशी ती लहान पोरीसारखी फिसकन हसली आणि म्हणाली, "आनखीन एक डाव." मी गाडी पुढं ढकलून खाली घेतली, तिनं पुन्हा चढवली. पुढं ते चालूच राहिलं. भाऊ मिलवर, वयनी आमच्या अंगणात. सायत्रानं तिला शब्द दिला होता, कोणाला सांगणार नाही. तो शब्द माझ्याही गळ्यात होता.

मग माझा उजवा गुडघा गेला. चिखलात घसरून पडलो, नीट झाला नाही. गाडी चालवता यायची, उभ्यानं पट्टीवर वजन टाकता येत नव्हतं. मग पायाचं काम पूर्ण तिच्याकडं आलं आणि हँडलचं माझ्याकडं. एकदा पट्टी निसटून तिच्या तळपायाच्या खोलग्यात लागली, तिथं काळा डाग पडला तो गेलाच नाही. मला वाटतं, नवरा-बायको म्हणून आम्ही खरे तेव्हा झालो. आधीचं सगळं लग्न होतं.

तिला घरी आणलं तेव्हा अंगण बायांनी भरलं होतं. हिरवं लुगडं आणलं, कपाळभर कुंकू लावलं, पायांना आलता. आणि बाया एकमेकींना म्हणत होत्या, भाग्याची होती बाप्पा, कुंकू घेऊन गेली, नवऱ्याच्या आधी गेली. एक जण मलाही म्हणाली, रडू नोका जी, सोन्यासारखं मरन आलं. मी तिच्याकडं पाहिलं. कोणतं भाग्य? जिवंत होती तेव्हा पाळण्याजवळ उभं करत नव्हत्या, आता त्याच बाया तिच्या कपाळाचं कुंकू चिमटीनं आपल्या कपाळाला लावून घेत होत्या. आलता लावताना एकीला तळपायाचा काळा डाग दिसला. तिनं दुसरीला दाखवला. मी पाहिलं. कुजबुज भिंतीभिंतीनं गेली.

तिरडी बांधायला जागा पाहिजे म्हणून भावाच्या जावयानं गाडी हलवली. हा फुलचूरला राहतो, छोटा टेम्पो चालवतो, टेम्पोतच आमच्या सोयऱ्यांना घेऊन आला होता. स्टँडवरून गाडी काढायची तर नुसती पुढं ढकलायची असते. त्यानं तिघांना लावून मागून उचलली, गोठ्याजवळ नेली आणि शेणाच्या मऊ जागेत साइड स्टँडवर टेकवली. मी सायत्राच्या उशाशी बसून पाहत होतो. आम्ही उचलायला लागलो तेव्हा मागं धाडकन आवाज आला. कोणी वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. गाडी आडवी पडली होती, आरसा फुटला होता, पेट्रोल शेणात गळत होतं. तसाच चालत गेलो. अग्नी मीच दिला.

परत आलो, पाय धुतले, निंबाचा पाला चावला आणि माणसं अंगणात बसली. उन्हं उतरली होती. आजूबाजूला धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू होती, ट्रॅक्टरचा आवाज येत होता. भावानं घसा साफ केला. आधी जरा तिची स्तुती केली. मग म्हणाला, "पन जे हाये ते हाये. दसऱ्याले पूजा केलेली गाडी, तिच्यावर रोज बाईचा पाय. मी सांगत होतो. लक्ष्मी किती दिवस सहन करन? थ्या पायावरचा डाग सगळ्याइनं पायला." कोणी हूं केलं, कोणी मान हलवली. कोणी म्हणालं, येवढी जड गाडी रोज उचलाची, बाईचं काळीज ते, फुटनच. मी म्हटलं, उचलत नव्हती, उभी राहत होती. कोणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं. भाऊ म्हणाला, "तेच तं म्हनून रायलो. पायच ना तो."

मग मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उलटून बोललो. "भाऊ, तुह्या गाडीले तू रोज सकाळी किक मारतेस ना?"

"मंग?"

"कायनं मारतेस? डोस्क्यानं?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. भाऊ लाल झाला. म्हणाला, "मानसाचं अलग, बाईचं अलग." मी म्हटलं, लक्ष्मी बाई हाये का माणूस? तिले कोणाचा पाय जास्त लागते? त्यानं आवाज खाली आणला, जसं लहान पोराशी बोलतात. "हे पाह्य. तुले दुःख हाये. पन थे गाडी या घरात नोको. उद्या सकाळी जावई टेम्पोत टाकून नेतीन फुलचूरले. तिकडं तिची शांती करून घेतीन, वापरतीन. तू ठेवून करशीन काय? गुडघा तुहा असा. एकट्यानं स्टँडवर तरी चढवता येते का तुले?"

तिथं त्यानं मला धरलं. कारण येत नव्हतं. जावई खाली मान घालून बसला होता, पण मला माहीत होतं, हा मागची दोन वर्षं जेव्हा आला तेव्हा गाडीवर बसून तिची रेस पिळून गेला आहे. मग शांती कोणाची करायची होती? मी भिंतीकडच्या दाराकडं पाहिलं. वयनी दारात उभी होती. तिला ठाऊक होतं. त्या पट्टीला जोर लागत नाही, काळीज फुटत नाही, लक्ष्मी कोपत नाही, हे त्या अख्ख्या अंगणात माझ्याशिवाय तिला एकटीला ठाऊक होतं. कोपायची असती तर तिच्यावरही कोपली असती. मी तिच्याकडं पाहत राहिलो. तिनं नजर खाली घातली, पदर पुढं ओढला आणि आत गेली. भावाचा राग मला आला होताच. पण त्या क्षणी जो आला तो वेगळा. मला वाटलं, सायत्रा आता मेली.

सकाळी वयनी कडू घास घेऊन आली. आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही, सोयरे जेवण आणतात. पितळी कटोऱ्यात भात, वर लाखोळीची डाळ, वर झाकण. तिनं कटोरा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "खाऊन घ्या भाऊजी."

मी म्हटलं, "नाही खात."

"कालपासून पोटात काही नाही तुमच्या."

"काल तुमचं तोंड कुठं होतं वयनी?"

ती उभी राहिली. नखानं ओट्याची माती खरडत राहिली. मग म्हणाली, "थे होते तिथं."

"ते तं आजबी हायेत."

तेवढ्यात भाऊ आणि जावई आले. टेम्पो दारात लावला, मागचं फाळकं पाडलं, दोन फळ्या टाकल्या. कोणीतरी काल गाडी उभी करून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. जावयानं ती ढकलत अंगणाच्या मधोमध आणली. मी उठलो आणि हँडल धरलं. म्हटलं, हे जाणार नाही. जावई म्हणाला, "काका, काल ठरलं ना." मी म्हटलं, मी नव्हतो ठरवाले. भाऊ म्हणाला, "सोड. तमाशा नोको करू, सुतक हाये घराले." मी म्हटलं, "माही गाडी हाये, माह्या अंगणात स्टँडवर राहीन." जावयानं हसून हात सोडले. "चढवा मंग."

सगळा भार माझ्यावर आला. मी डाव्या अंगाला होतो. एक हात दांड्याला लावला, पायानं पट्टी दाबली, स्टँडचे पाय टेकले, वजन टाकलं आणि गुडघ्यात सुरी घातल्यासारखं झालं. गाडी तसूभर मागं गेली आणि परत आली. पुन्हा केलं. पुन्हा परत आली. तिसऱ्यांदा गाडी माझ्याच अंगावर कलली आणि मी तिला छाती लावून कशीबशी थोपवली. आता मला ती धड वर नेता येत नव्हती, धड सोडता येत नव्हती. साइड स्टँड काढावा तर पाय उचलता येईना. घाम डोळ्यांत. जावई म्हणाला, "म्हनून म्हनतो काका, आता तुमच्यानं होत नाही." आणि पुढं आला, हँडल घ्यायला. भाऊ ओट्याजवळ उभा राहून पाहत होता. त्याच्या तोंडावर दया होती. ती दया मी अजून विसरलो नाही. मला तेव्हा त्याला मारायचं होतं. हात मोकळा असता तर मारलंच असतं.

मागून आवाज आला, "सरका जी जावईबापू."

वयनी होती. पदर कमरेला खोचलेला. जावई सरकला, सासूच्या वाटेतून सरकतात तसा, काही न समजून. मी हँडलकडं झालो. तिनं दांड्याला हात लावला, पट्टी दाबली, वाकून दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि उभी राहिली. गाडी वर बसली. मागचं चाक थोडंसं फिरून थांबलं. जावयाचं तोंड उघडं होतं. भाऊ बायकोकडं असा पाहत होता जसा कोणी परकी बाई घरात घुसली आहे. मला वाटतं, त्याला एकदम कळलं असावं की हे आज पहिल्यांदा झालेलं नाही. एवढं सफाईनं कोणी पहिल्यांदा करत नाही.

तो ओट्यापासून दोन पावलं पुढं आला. मग म्हणाला, "घरी चाल वं."

वयनी म्हणाली, "येतो."

"आत्ता चाल."

"कटोरा रिकामा झाला का येतो. कडू घासाचा कटोरा भरलेला परत नेत नाहीत, तुमालेबी ठाऊक हाये."

हा रिवाज खरा आहे. भावालाच रिवाजाची मोठी चाड. जावयानं फळ्या काढून टेम्पोत टाकल्या, फाळकं लावलं, त्याचा आवाज जरा जास्तच झाला. भाऊ टेम्पोजवळ जाऊन उभा राहिला, पाठ आमच्याकडं. वयनी ओट्याच्या टोकाला बसली. तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. माझ्याकडं पाहिलं नाही, मीही तिच्याकडं पाहिलं नाही. काल तिनं सायत्राला एकटी सोडली होती, ते मी विसरलो नव्हतो. आजही विसरलो नाही. भावाच्या अंगणात मी त्यानंतर पाय ठेवला नाही, तो मेला तेव्हाही रस्त्यावर उभा राहिलो. पण ती आता घरी गेल्यावर तिच्यावर काय येणार, हे मला दिसत होतं, आणि कटोरा भरलेला आहे तोवर ते येणार नव्हतं.

मी हात धुतले. ओट्यावर बसलो, झाकण काढलं आणि जेवायला लागलो. भात गार झाला होता, डाळीवर साय धरली होती. एक एक घास घेतला, चावला, पाणी प्यालो, मग दुसरा घेतला. भाऊ दोनदा वळून पाहून गेला. मी हळूहळू खात राहिलो.